मापाची खुर्ची

चालता न येणाऱ्या माणसाला व्हीलचेअर मिळाली की त्याचा प्रश्न सुटला, अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि सरकारी योजना, धर्मादाय संस्था व कंपन्यांचे सामाजिक दायित्व निधी या तिन्हींचा व्यवहार बहुतांशी याच समजुतीवर चालतो. तालुक्याच्या ठिकाणी मंडप पडतो, खुर्च्या ओळीने मांडल्या जातात, पाहुण्यांच्या हस्ते साहित्याचे वाटप होते, यादीवर सह्या किंवा अंगठे घेतले जातात आणि शिबीर आटोपते. त्यानंतर ती खुर्ची कोणत्या घरात गेली, त्या घराच्या दारातून आत शिरली की नाही, बसणाऱ्याच्या अंगाला ती कितपत बसली आणि किती महिने चालली, याची नोंद ठेवणारी वही बहुतेक ठिकाणी नसते. हिशेब खुर्च्यांच्या संख्येचा होतो, कारण तो सोपा असतो.

या हिशेबाला पहिला ठोस पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली मांडला. साधनसामग्री तुटपुंजी असलेल्या प्रदेशांत हाताने चालवायच्या व्हीलचेअर कशा पुरवाव्यात, याची मार्गदर्शक तत्त्वे संघटनेने त्या वर्षी प्रसिद्ध केली. त्यांत योग्य खुर्ची कोणती हे ठरवताना चार गोष्टी एकत्र पाहिल्या आहेत : वापरणाऱ्याच्या गरजा आणि त्याचा परिसर यांना ती साजेशी असावी, तिने शरीराला नीट बसते करून आधार द्यावा, ती सुरक्षित व टिकाऊ असावी, आणि ती त्याच देशात परवडणाऱ्या खर्चात मिळावी, दुरुस्त व्हावी व तिच्यामागची सेवाही टिकून राहावी. संघटनेच्या अलीकडच्या अंदाजानुसार जगात सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे आणि देशागणिक त्यांपैकी अवघ्या ५ ते ३५ टक्के लोकांपर्यंत ती पोहोचते. पोहोचलेल्यांपैकी कितीजणांची खुर्ची या चार कसोट्यांना उतरते, हा त्यापुढचा आणि अधिक अवघड प्रश्न आहे.

व्हीलचेअर म्हटले की जी खुर्ची डोळ्यांपुढे येते, म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, रेक्झिनची झोळीसारखी बैठक, मागे दोन मोठी आणि पुढे दोन लहान चाके व बैठकीखाली घडी घालण्यासाठी कात्रीसारख्या जोडलेल्या दोन दांड्या, ती १९३३च्या सुमारास अमेरिकेत घडली. हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाण-अभियंते खाणीतील अपघाताने अपंग झाले होते आणि त्यांना मोटारीत टाकून नेता येईल अशी खुर्ची हवी होती. हॅरी जेनिंग्ज या यंत्र-अभियंत्याने ती घडवली आणि पुढे दोघांनी मिळून तिचा कारखाना काढला. मोटार असलेल्या, गुळगुळीत फरसबंदीवर वावरणाऱ्या माणसाची ती गरज होती. पुढे या रचनेच्या स्वस्त नकला रुग्णालयांनी उचलल्या आणि तिथे तिचे काम आणखीच मर्यादित झाले : रुग्णाला वॉर्डातून क्ष-किरण विभागापर्यंत न्यायचे, तेही वॉर्डबॉयने ढकलत. पंधरा मिनिटांच्या बसण्यासाठी बनलेली ही खुर्ची जगभरच्या गरीब वस्त्यांत मात्र रोज दहा-बारा तास बसण्यासाठी वाटली गेली, कारण ती सर्वांत स्वस्त होती आणि घाऊक मिळत होती.

खडबडीत जमिनीवर या खुर्चीचे काय होते, हे तिच्या पुढच्या चाकांवरून कळते. कॅस्टर म्हणून ओळखली जाणारी ही लहान, सर्व दिशांना वळणारी चाके रुग्णालयाच्या फरशीवर उत्तम चालतात. परंतु चाकाची त्रिज्या जितकी लहान तितका त्याला छोटासा दगडही मोठा वाटतो, आणि चाक अरुंद व टणक असेल तर ते वाळूत किंवा चिखलात रुतते. चाक दगडाला अडून थांबले आणि खुर्ची वेगात असली, की बसलेल्या माणसाचे धड पुढे फेकले जाते. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर कमी असल्यास खुर्ची अशा वेळी सहज कलंडते. घराच्या जोत्याचे गणितही असेच निर्दयी असते. उतार कितपत असावा याचा सर्वमान्य दंडक १ला १२ असा आहे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. पावसाळी प्रदेशात पाणी आत येऊ नये म्हणून जोते दीड फूट उंच बांधलेले असेल, तर अठरा फूट लांब उतार बांधावा लागेल, आणि तेवढे अंगण फारच थोड्या घरांना असते.

परंतु अडचणींची खरी खाण जमिनीत नसून बैठकीत आहे. पॅराप्लेजिया, म्हणजे मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचा भाग लुळा पडणे, या अवस्थेत हालचालीबरोबर संवेदनाही जाते. धडधाकट माणूस बसल्या जागी नकळत कूस बदलत राहतो, कारण दाब वाढला की त्याला कळ लागते. ज्याला कळच लागत नाही तो तासन्‌तास एकाच जागी बसून राहतो. बसताना शरीराचा मोठा भार कुल्ल्यांच्या खालच्या दोन हाडांच्या टोकांवर येतो आणि हाड व बैठक यांमध्ये चेपलेल्या मांसातील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात. रक्तपुरवठा थांबलेले मांस आतून मरू लागते; वरच्या त्वचेवर आरंभी फक्त लालसर डाग दिसतो. त्याला इंग्रजी वळणाने बेडसोअर आणि वैद्यकीय मराठीत शय्याव्रण किंवा दाबव्रण म्हणतात. हा व्रण खोल गेला की हाडापर्यंत पोहोचतो, संसर्ग रक्तात उतरतो आणि माणूस दगावतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूला गंभीर इजा झालेले बहुतेक रुग्ण अशाच व्रणांनी व मूत्रमार्गाच्या संसर्गाने अल्पावधीत मरत. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९४४पासून लुडविग गुटमन यांनी रुग्णांना ठरावीक तासांनी कुशीवर वळवण्याची शिस्त काटेकोरपणे पाळून ही गती बदलता येते हे दाखवून दिले. त्याच रुग्णालयात १९४८ साली भरवलेल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेतून पॅरालिम्पिकची चळवळ उगवली, आणि १९६५च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२च्या हायडलबर्ग येथील स्पर्धेत पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. गरीब देशांत मात्र गुटमनपूर्व काळ आजही पुरता संपलेला नाही. उशीविना दिलेली खुर्ची अशा माणसाला फिरवते खरी, पण त्याला जखमही तीच करते.

उशी हा खुर्चीचा शोभेचा भाग नाही, हे म्हणूनच पुन्हापुन्हा सांगावे लागते. चांगल्या उशीत कमी-अधिक घट्टपणाच्या फोमचे थर असतात, हाडांच्या टोकांखाली खळगा ठेवलेला असतो, जेणेकरून भार मांड्यांवर वाटला जावा, आणि वर ओलावा आत न जाऊ देणारे आच्छादन असते, कारण लघवीवर ताबा नसलेल्या माणसाची ओली बैठक त्वचा लवकर कुजवते. उशी पुरेशी आहे की नाही हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रशिक्षणात एक अगदी बिनखर्चाची चाचणी शिकवतात. बसलेल्या माणसाच्या कुल्ल्याच्या हाडाखाली, उशी व शरीर यांच्यामध्ये, तपासणाऱ्याने बोटे सरकवायची : बोटांची टोके वरखाली थोडी हलवता आली तर दाब सुरक्षित, हलवता आली नाहीत पण बाहेर ओढता आली तर सावधगिरीचा इशारा, आणि बोटे घट्ट चिमटली गेली तर ती उशी त्या माणसासाठी घातक. फोम दबून निकामी होतो, म्हणून ही चाचणी अधूनमधून पुन्हा करायची असते. याच्या जोडीला बसणाऱ्याने दर अर्ध्या तासाच्या आत पुढे वाकून किंवा आलटून पालटून एकेका बाजूस झुकून भार हलका करायचा आणि रोज आरशात पाहून लाल डाग शोधायचा असतो. हे सारे शिकवायला अर्धा-पाऊण तास लागतो. वाटपाच्या शिबिरात तेवढा वेळ एका माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही.

मापांचीही गोष्ट तशीच आहे. बसलेल्या माणसाच्या कुल्ल्यांची रुंदी, पार्श्वभागापासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंतची लांबी, पोटरीची लांबी आणि पाठीचा आधार कुठवर हवा हे ठरवण्यासाठी बैठकीपासून बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंतची व खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंतची उंची, एवढ्या मोजक्या मापांवर खुर्ची ठरते. ही मापे चुकली की काय होते, हे बाजारात सर्रास मिळणाऱ्या अठरा इंची बैठकीवरून पाहता येते. अर्धपोटी वाढलेल्या, बारीक हाडाच्या बाईच्या कुल्ल्यांची रुंदी तेरा इंच असेल, तर त्या बैठकीत दोन्ही बाजूंना मिळून पाच इंच मोकळे राहतात. ती एका कडेला कलते, कंबरेचे हाड तिरके होते, पाठीचा कणा वाकतो आणि चाकांच्या कडीपर्यंत पोहोचण्यासाठी तिला हात बाहेर फाकवावे लागतात, त्यामुळे खांदे दुखावतात. बैठक खोल असेल तर पाठीला टेकण्यासाठी शरीर पुढे घसरते आणि माणूस माकडहाडावर बसू लागतो. पायठेवणी फार खाली असेल तर पाय लोंबकळतात, फार वर असेल तर गुडघे उचलले जाऊन सारा भार पुन्हा त्याच दोन हाडांवर येतो. गुडघ्याची लवण आणि बैठकीची कड यांमध्ये दोन बोटे मावावीत, इतके साधे परिमाण कोणताही गावठी शिंपी एका दिवसात शिकेल. ते न शिकवण्याला सबब नाही.

नवल असे की कृत्रिम पायाच्या बाबतीत भारताने हा धडा फार लवकर गिरवला होता. १९६८च्या सुमारास जयपुरात रामचंद्र शर्मा या कारागिराच्या आणि डॉ. प्र. क. सेठी यांच्या सहकार्यातून ‘जयपूर फूट’ नावाचा जो पाय घडला, तो उकिडवे बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून घडला, आणि मांडी किंवा पोटरीच्या उरलेल्या भागाचे माप घेतल्याशिवाय तो कोणाला देता येईल असे कोणाच्या मनातही आले नाही. खुर्चीचे माप घेण्याची गरज मात्र तशी कोणाला भासली नाही. पाय हा अवयव वाटतो आणि खुर्ची हे सामान वाटते, यापलीकडे या भेदाला कारण दिसत नाही.

खुर्चीकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती मुख्यतः खुर्चीत बसणाऱ्यांनीच. अमेरिकी अभियंते राल्फ हॉचकिस हे १९६६ साली मोटारसायकलच्या अपघाताने पॅराप्लेजिक झाले. क्रांतीनंतरच्या निकाराग्वात १९८० साली ते गेले तेव्हा एकाच खुर्चीवर पाळीपाळीने फिरणारे आणि ती स्वतःच दुरुस्त करणारे चार तरुण त्यांना भेटले. त्या तरुणांच्या युक्त्या आणि आपले यंत्रशास्त्र एकत्र करून हॉचकिस यांनी सायकलच्या टायरवर चालणारी, बाजारात मिळणाऱ्या साध्या नळ्यांपासून छोट्या वेल्डिंगच्या दुकानात बनवता येणारी खुर्ची रचली, आणि तिचे आराखडे कोणासही वापरण्यास खुले ठेवले. व्हर्लविंड या नावाने ओळखल्या गेलेल्या या कामाचे वैशिष्ट्य असे की सुधारणा एका देशातून दुसऱ्या देशात प्रवास करीत राहिल्या. पुढे लावायचे रुंद, भरीव आणि काहीसे मऊ रबरी चाक तर झिंबाब्वेच्याच नावाने ओळखले जाते, आणि दगड-वाळूच्या रस्त्यावर ते अरुंद कॅस्टरपेक्षा कितीतरी बरे चालते. नंतरच्या रफरायडर या खुर्चीत हीच चाके बरीच पुढे नेलेली आहेत, म्हणून ती पुढे कलंडत नाही. याच सुमारास मेक्सिकोतील सिनालोआ प्रांतात डेव्हिड वर्नर यांच्या प्रेरणेने अपंग ग्रामस्थांनीच चालवलेले प्रोजिमो हे केंद्र उभे राहिले होते. तिथल्या अनुभवावर आधारलेले वर्नर यांचे अपंग ग्रामीण मुलांविषयीचे पुस्तक १९८७ साली निघाले आणि जगभर कार्यकर्त्यांच्या हाती गेले.

दुसरी वाट बांगलादेशातून निघाली. ढाक्याजवळच्या सावर येथे पक्षाघात झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी एक केंद्र चालते. व्हॅलेरी टेलर या इंग्रज फिजिओथेरपिस्टने ते १९७९ साली सुरू केले होते. पाण्यात सूर मारताना मान मोडून स्वतः व्हीलचेअरवर आलेले डेव्हिड कॉन्स्टंटाइन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली त्या केंद्रात स्थानिक साहित्यातून खुर्च्या बनवणारी कार्यशाळा उभारली, आणि तिथून मोटिव्हेशन ही संस्था घडत गेली. त्यांची पुढे एकच चाक असलेली तीनचाकी खुर्ची ग्रामीण भागासाठी विशेष उपयुक्त ठरली, कारण जमीन कितीही उंचसखल असली तरी तीन चाके एकाच वेळी टेकतात, चारांपैकी एक मात्र हटकून अधांतरी राहते. तिच्या लांबीमुळे ती अरुंद घरात वळत नाही, हा तिचा दोष. शेतात जाणाऱ्याला ती सोईची आणि खोलीत राहणाऱ्याला गैरसोईची. एकच खुर्ची सर्वांना पुरेल ही कल्पना किती भाबडी आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

घर आणि रान या दोन टोकांना जोडण्याचा कल्पक प्रयत्न मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या एमस विंटर यांनी केला. २००५ साली टांझानियातील व्हीलचेअरींची पाहणी केल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढायच्या दांड्यांवर, म्हणजे तरफांवर, चालणारी खुर्ची योजली. दांडी वरच्या टोकाला धरली तर जोर वाढतो व चढ चढता येतो, खाली धरली तर वेग वाढतो. सायकलचे गिअर बदलण्याऐवजी हाताची पकड बदलायची, आणि घरात शिरताना दांड्या काढून ठेवायच्या. पहिला नमुना पूर्व आफ्रिकेत वापरून पाहिला तेव्हा तो रस्त्यावर सरस, पण घरात रुंद आणि अवजड ठरला. वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून तो अरुंद व हलका करण्यात आला आणि नंतरच्या चाचण्या ग्वाटेमालात व जयपूर फूटच्या संस्थेच्या साह्याने भारतातही झाल्या. साखळी, चाके आणि बेअरिंगे सायकलचीच ठेवल्यामुळे दुरुस्ती गावातच व्हावी, हा त्यामागचा हेतू होता.

या सगळ्यांच्या समोर उभा राहतो तो संख्येचा युक्तिवाद, आणि त्याला हसण्यावारी नेता येत नाही. डॉन शोंडॉर्फर या अमेरिकी यंत्र-अभियंत्याने मोरोक्कोत एका बाईला रस्त्यावरून रांगत जाताना पाहिले होते. त्या आठवणीतून त्यांनी बागेत ठेवायच्या पांढऱ्या प्लॅस्टिक खुर्चीला सायकलची चाके जोडून अत्यंत स्वस्त व्हीलचेअर बनवली आणि २००१ सालापासून त्यांच्या फ्री व्हीलचेअर मिशनने अशा खुर्च्या लाखोंच्या संख्येने गरीब देशांत पाठवल्या. ज्याला जमिनीवरून सरपटावे लागते त्याला मापाच्या खुर्चीची वाट पाहत बसायला सांगणे क्रूरपणाचे आहे, असे या पक्षाचे म्हणणे, तर संवेदना नसलेल्या माणसाला बिनमापाच्या टणक खुर्चीत बसवणे हा उपकार नसून अपाय आहे, असे विरोधकांचे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण ते सारख्या वजनाचे नाही. पोलिओने पाय गेलेल्या माणसाची संवेदना शाबूत असते आणि तो प्लॅस्टिकच्या खुर्चीतही कूस बदलून निभावून नेतो. तीच खुर्ची झाडावरून पडून मणका मोडलेल्याला दिली तर काही आठवड्यांत व्रण पडू शकतो. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये नोंदला गेला. यापुढे खुर्ची मागणाऱ्यांत पोलिओग्रस्त घटत जाणार आणि अपघातग्रस्त, सेरेब्रल पाल्सीची मुले व वृद्ध यांचा वाटा वाढत जाणार, म्हणजे संख्येचा युक्तिवाद वर्षागणिक कमजोर होत जाणार. खुद्द फ्री व्हीलचेअर मिशननेही पुढे वेगवेगळ्या मापांच्या आणि कमी-जास्त करता येणाऱ्या खुर्च्या आणल्या, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. भारतातील धर्मादाय व्हीलचेअरींचा माग घेणारा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने या दानाला निरुपयोगीच ठरवले. दुखणे, थकवा आणि घर-परिसराशी न जुळणे या कारणांनी लोकांनी खुर्च्या टाकून दिल्या होत्या.

भारतात खुर्ची मिळण्याचा मुख्य सरकारी मार्ग म्हणजे केंद्राची एडिप योजना, जी १९८१पासून चालू आहे, आणि मुख्य उत्पादक म्हणजे कानपूरचा भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम, म्हणजेच एलिम्को, जो १९७२ साली स्थापन झाला. किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाची मर्यादा या तिच्या अटी. दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलला ठरलेल्या वारी जावे लागते, आणि ज्याला चालता येत नाही त्यानेच प्रथम जिल्ह्याच्या गावी पोहोचावे, हा या रचनेतला अंतर्विरोध कोणाला फारसा टोचलेला दिसत नाही. ग्रामीण भागात व्हीलचेअरपेक्षा हाताने पॅडल फिरवायची तीनचाकी सायकल अधिक मागितली जाते, आणि ते योग्यच आहे : ज्याचे धड व हात मजबूत आहेत त्याला तीवरून बाजार, शाळा, पानटपरी असा सगळा व्यवहार करता येतो. परंतु सायकल घरात जात नाही आणि खुर्ची लांब जात नाही, म्हणून अनेकांना खरे तर दोन्ही लागतात. योजनेच्या नोंदवहीत मात्र एका माणसाच्या नावापुढे साधारणतः एकच वस्तू लिहिली जाते.

महाराष्ट्रात या विषयाची जाण कागदावर तरी कमी नाही. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ सालापासून पुनर्वसन-वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे, पुण्याच्या खडकीत मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी केंद्र आहे, आणि कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसह १९८४ साली उभारलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेने वसतिगृह, शाळा आणि रोजगार यांची सांगड घातली; त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. ही रक्कम अनेक ठिकाणी थोडी थोडी रोख वाटून संपवली जाते. तीच एका घराच्या उतारासाठी, मोरीच्या रुंद दारासाठी किंवा भारतीय बैठकीच्या शौचकूपावर ठेवायच्या भोक पाडलेल्या खुर्चीसाठी वापरली, तर एका माणसाचे पुढचे दहा वर्षांचे जगणे बदलते. पण रोख वाटली की सगळेच गप्प राहतात, हे सरपंचाला ठाऊक असते.

शौचालय आणि स्वयंपाकघर या दोन जागांचा विचार खुर्ची रचणाऱ्यांनी उशिरा केला, कारण रचणारे बहुधा पुरुष होते आणि त्यांच्या नजरेत खुर्ची म्हणजे बाहेर पडण्याचे साधन होते. खेड्यातली बाई जमिनीवर बसून भाकरी थापते, चुलीपुढे वाकते, पाणी भरते. तिला उंच खुर्चीपेक्षा जमिनीलगत फिरणारी, लहान चाकांची फळकुटवजा गाडी घरात अधिक उपयोगी पडते, आणि अशा गाड्या कितीतरी घरांत सुताराने किंवा नवऱ्याने आपल्या डोक्याने बनवलेल्या आढळतात. त्यांना कोणत्याही योजनेत स्थान नाही. खरे पाहता त्यांच्यावर उशी बसवणे आणि चाके बेअरिंगची करणे, एवढीच सुधारणा पुरेशी आहे. अपंग स्त्रियांना तंत्रज्ञ म्हणून तयार करण्याचे काम बंगळुरूच्या मोबिलिटी इंडियाने केले आहे, आणि असे तंत्रज्ञ असतात तिथे हे प्रश्न विचारले जातात.

खुर्ची चालवणे हेही शिकावे लागते. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर सरकणे, उंबरठा ओलांडण्यासाठी पुढची चाके उचलून मागच्या चाकांवर तोल सावरणे, उतारावर कडी तळहातांनी दाबत वेग रोखणे, पडल्यावर पुन्हा चढणे, ही कौशल्ये स्वतः खुर्चीत बसणाऱ्याने शिकवली की लवकर येतात, कारण धडधाकट फिजिओथेरपिस्टचे शब्द ऐकले जातात आणि सहप्रवाशाचे अनुकरण केले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने व्हीलचेअर सेवेचे जे आठ टप्पे सांगितले आहेत, त्यांत नोंदणी, तपासणी, निवड, निधी व मागणी, खुर्चीची तयारी आणि अंगाला जुळवणे यांच्यानंतर प्रशिक्षण येते, आणि शेवटी देखभाल, दुरुस्ती व पाठपुरावा. आपल्याकडे निधी व मागणी या एकाच टप्प्यावर सगळी शक्ती खर्ची पडते.

टिकाऊपणाची कसोटी प्रयोगशाळेतही घेतली जाते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार खुर्ची पट्ट्या जडवलेल्या फिरत्या पिंपांवर २ लाख फेऱ्या धावते आणि नंतर ठरावीक उंचीवरून ६,६६६ वेळा खाली आपटली जाते. एवढे सोसून सांगाडा मोडला नाही तर ती उत्तीर्ण. परंतु प्रयोगशाळेत धूळ, पाऊस आणि खारा वारा नसतो, आणि प्रत्यक्षात खुर्च्या सांगाड्यापेक्षा कॅस्टर व बेअरिंग निकामी झाल्यामुळेच अधिक बंद पडतात. सायकलचे दुकान पंक्चर काढते, आरे ताणून देते, टायर-ट्यूब बदलते, आणि वेल्डिंगवाला तुटलेली नळी जोडतो. मात्र पुढचे चाक खास मापाचे किंवा आयात केलेले असेल, तर पन्नास-साठ रुपयांच्या बेअरिंगवाचून हजारो रुपयांची खुर्ची गोठ्यात जाऊन पडते. म्हणून खरेदीच्या निविदेत किमतीच्या शेजारी सुटे भाग कुठे मिळतील हे लिहून घेतले जावे, अशी मागणी या क्षेत्रातले लोक करतात. हॉचकिस यांचे छोट्या कार्यशाळांचे स्वप्न मोठ्या कारखान्यांच्या स्वस्ताईपुढे बरेचसे मागे पडले, हे मान्य करावे लागते. खुर्ची कारखान्यात आणि जुळणी, उशी व दुरुस्ती जिल्ह्यात, अशी वाटणी आज अधिक व्यवहार्य दिसते, आणि त्यासाठी जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रे कागदोपत्री अस्तित्वातही आहेत.

सर्वांत कठीण प्रश्न मुलांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा होऊन स्नायूंवरचा ताबा बिघडणे, या अवस्थेतील मुलाला चाकांपेक्षा आधी बसते करणारा आधार लागतो : मान, धड आणि कंबर सरळ राहील अशा गाद्या, मांड्यांमध्ये फाकवणारा ठोकळा, पुढे ट्रे. असे नीट बसलेले मूल गिळताना कमी ठसकते, समोर पाहते, हाताने काही धरू शकते. झोळीच्या बैठकीत लोळलेल्या मुलाचा कणा मात्र वाढीच्या वयातच वाकतो आणि पुढे तो सरळ करता येत नाही. शिवाय मूल वाढते, म्हणून आज जुळवलेली बैठक वर्षभरात लहान होते. एडिप योजनेत एकदा साहित्य घेतल्यावर त्याच कारणासाठी पुन्हा तीन वर्षे मदत मिळत नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची केलेली आहे, आणि ही तरतूद शहाणपणाची आहे. तिचा लाभ घेण्यासाठी मात्र मुलाला दरवर्षी पुन्हा मोजणारा माणूस तालुक्यात असावा लागतो, आणि त्याचे पद अजून कोणत्याही आकृतिबंधात ठळकपणे दिसत नाही.